‘येतं ना?’ विचारणं मी सोडलं

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर आहे. २००७ साली नर्सिंगचा जीएनएम कोर्स पूर्ण केला, अकरा वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढली आणि जून २०१८ मध्ये मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज झाले. चोवीस खाटा, चौदा जणांचा स्टाफ, तीन मावशी, दोन वॉर्डबॉय. इन्चार्ज कसं व्हायचं हे आम्हाला कुणी शिकवत नाही. शनिवारपर्यंत मी आयव्ही लावत होते, सोमवारी औषधाच्या कपाटाच्या चाव्या हातात आल्या. पुढच्या तीन वर्षांत मी ज्या चुका केल्या त्या नव्याने इन्चार्ज होणाऱ्या एखादीला तरी टाळता याव्यात म्हणून हे लिहिते आहे. स्टाफमधल्या कुणाचं नाव लिहीत नाही.

मी शिकाऊ असताना ज्यांच्या हाताखाली होते त्या बाई माणूस बघून वागायच्या. त्यांच्या मर्जीतल्यांना नाइट कमी, बाकीच्यांना जास्त. त्यामुळे चाव्या हातात आल्या त्या दिवशी मी मनाशी एकच ठरवलं, आपण सगळ्यांना सारखं वागवायचं. वीस वर्षं झालेली सिस्टर असो की वीस दिवस झालेली, नियम एक. रोज सकाळी मी प्रत्येकीचे केसपेपर तपासायचे, प्रत्येकीची ट्रॉली बघायचे, प्रत्येकीला त्याच सूचना द्यायचे. यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. उलट बरं वाटायचं.

वॉर्डात एक मोठ्या सिस्टर होत्या. पन्नाशी उलटलेली. मला पहिली आयव्ही लावायला त्यांनीच शिकवलं होतं. ऑगस्टमधली गोष्ट. त्या ट्रॉलीपाशी पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल फोडत होत्या. शेजारी नर्सिंग कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. मी जाता जाता म्हणाले, ‘सिस्टर, केसीएल डायरेक्ट द्यायचं नाही बरं का. सलाइनमध्ये घालून, सावकाश.’

पोटॅशियम थेट शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं, हे नर्सला कॉलेजमध्येच शिकवतात. त्या बाई वीस वर्षांहून जास्त काळ ते देत आल्या होत्या. त्यांनी हातातली अँप्यूल ट्रेमध्ये ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘हो मॅडम.’ त्या दिवसापर्यंत त्या मला नावाने हाक मारायच्या.

मला तेव्हा ते खटकलं होतं, हे मी कबूल करते. पण मी पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर त्यांनी वागण्यात कुठे उणं ठेवलं नाही. कामं वेळेवर, चार्ट पूर्ण. फक्त बोलणं बंद झालं. पूर्वी त्या राउंडआधी येऊन सांगायच्या, ‘सात नंबरचं मला ठीक वाटत नाहीये, जरा बघ.’ रिपोर्ट यायच्या आधी त्यांना कळायचं. ते सांगणं थांबलं आणि मला ते थांबलंय हेही लक्षात आलं नाही.

महिनाभराने एका साठीच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली. त्याला आयसीयूत हलवलं, तीन बाटल्या रक्त दिलं, वाचला. मी चार्ट काढून बघितला. दोन तास आधी मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात नोंद होती. शौच काळी, नाडी ११२, बीपी १०० बाय ६०. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन केल्याची वेळही लिहिलेली होती. आरएमओ कॅज्युअल्टीत अडकले होते, येतो म्हणाले होते. कागदावर त्यांची काही चूक नव्हती. पण त्या पूर्वीसारख्या असत्या तर माझ्याकडे आल्या असत्या आणि मी सरळ मोठ्या डॉक्टरांना फोन लावला असता. मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सगळे चार्ट बघताच ना. म्हटलं दिसलं असेल.’

त्यात टोमणा नव्हता. मी रोज तेच करत होते, मग त्यांनी वेगळं काय समजायचं? ऑक्टोबरमध्ये त्यांनी ओपीडीत बदली मागून घेतली. मेट्रन मॅडमनी मला विचारलं, ‘तिला काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही.

यातून मी धडा घेतला तोही उलटा. ठरवलं की आता कुणाच्या मागे लागायचं नाही, विश्वास टाकायचा.

डिसेंबरमध्ये एक नवीन मुलगी आली. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची, जीएनएम होऊन चार महिने झालेली. कामाला चपळ, वेळेची पक्की. काहीही सांगितलं की म्हणायची, ‘हो मॅडम.’ मला तिचं कौतुक वाटायचं.

त्याच सुमारास वॉर्डात नवीन सिरिंज पंप आले होते. जानेवारी २०१९ मध्ये एका मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन सुरू करायचं होतं. ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट, म्हणजे एका मिलीत एक युनिट. दर तासाला २ मिली. मी तिला म्हणाले, ‘पंप लावता येतं ना?’ ती म्हणाली, ‘हो मॅडम.’ ‘मग लाव तू. काही लागलं तर विचार.’ मी माझ्या स्टोअरच्या हिशेबाला बसले.

तासाभराने साखर तपासायची वेळ झाली. २१४ ची ६१ झाली होती. पेशंट घामाने चिंब, हात थरथरत होते, बायकोला ओळखत होता पण शब्द जड येत होते. पंपाकडे बघितलं तर तासाला २० लागलं होतं. पंप बंद केला, डॉक्टरांना हाक मारली, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं. अर्ध्या तासाने साखर १३८ आली. तो अर्धा तास मी पेशंटचं मनगट धरून बसले होते. माझी नाडी त्याच्यापेक्षा जोरात चालली होती.

डॉक्टरांनी नातेवाइकांना काय झालं ते सांगितलं. मी घटनेचा रिपोर्ट लिहिला. मग त्या मुलीला ट्रीटमेंट रूममध्ये घेऊन गेले. ती रडत नव्हती. भिंतीला टेकून उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी विचारलं, ‘येत नव्हतं तर विचारलं का नाहीस?’

ती म्हणाली, ‘तुम्ही येतं ना असं विचारलंत. नाही कसं म्हणू?’

मग हळूहळू कळलं. तिच्या कॉलेजमध्ये सलाइनचे थेंब मोजायला शिकवलं होतं. एका मिनिटाला किती थेंब, हे ती झोपेतही सांगेल. सिरिंज पंप तिने लांबून बघितला होता, बटणं कधी दाबली नव्हती. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘२.०’ लिहिलं होतं. घाईच्या अक्षरात ते टिंब दिसतच नव्हतं. तिने २० वाचलं, २० लावलं. ज्याला पंपाची सवय आहे त्याला २० हा आकडा बघताच शंका आली असती. तिला यायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तीन गोष्टी केल्या. इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियम, ही तीन औषधं दोघींनी बघितल्याशिवाय सुरू करायची नाहीत, केसपेपरवर दोन सह्या. डॉक्टरांना विनंती केली की ‘२.०’ लिहू नका, नुसतं २ लिहा, आणि अर्धा लिहायचा असेल तर टिंबाच्या आधी शून्य घाला. एक डॉक्टर चिडले, दुसऱ्यांनी लगेच मान्य केलं, मग पहिलेही तसंच लिहायला लागले. तिसरी गोष्ट माझ्यापुरती. ‘येतं ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी म्हणते, ‘दाखव.’ त्या मुलीने दहा दिवस रोज दुपारी पाण्याने भरलेली सिरिंज पंपाला लावली, मी सांगेन तो आकडा टाकला, अलार्म वाजवून दाखवला, बंद करून दाखवला. मी शेजारी उभी राहायचे. अकराव्या दिवशी ती म्हणाली, ‘मॅडम, आता तुम्ही जा.’

आता हिच्याशी कसं वागायचं ते मला कळलं, असं मला वाटलं. ही नवीन आहे, हिला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, शेजारी उभं राहावं लागतं. तेही जुलैत खोटं ठरलं.

जुलै २०१९, पावसाचे दिवस. सकाळी पावणेआठला मी वॉर्डात आले. हँडओव्हर चालू होता. पहाटे पेठ तालुक्यातून एक तिशीचा माणूस आला होता. पोटदुखी, दोन उलट्या. कॅज्युअल्टीतून पोटाचा पेशंट म्हणून आमच्याकडे आला होता. तो ग्लानीत दिसत होता, रात्रभर झोप नाही म्हणून पेंगतोय असं सगळ्यांनी धरलं. त्याची बायको भिंतीशी बसली होती, काही विचारलं की मान हलवायची. मी भराभर सांगत सुटले. रक्त पाठवा, सोनोग्राफीला फोन करा, इसीजी काढा.

नाइट संपवून निघायच्या तयारीत असलेली ती मुलगी खाटेपाशी थांबली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, थांबा.’

सात महिन्यांत तिने मला पहिल्यांदा काही थांबवायला सांगितलं होतं.

ती खाली फरशीवर बसली, त्या बाईच्या समोर. त्यांच्या कोकणा बोलीत बोलू लागली. मला अर्धंमुर्धं कळत होतं. आधी पाड्याचं नाव, मग कोण कुणाचं, मग भाताची लावणी झाली का. मी मनात म्हणत होते, हे काय चाललंय, वेळ जातोय. आणि मग त्या बाईने पदर सरकवून स्वतःच्या हाताचं बोट दाखवलं. नवरा शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री म्हणाला, बोटाला किडा चावला. बघितलं तर काही दिसलं नाही, दुखतही नव्हतं. परत झोपला. थोड्या वेळाने पोटात कळ आली. आधी भगताकडे नेलं, मग इकडे.

मुलगी उठून माझ्याकडे आली. ‘मण्यार असेल मॅडम. आमच्याकडे असंच होतं.’ मग तिने पेशंटला डोळे उघडायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. आकडे म्हणायला सांगितले, आवाज नाकातून येत होता. तो पेंगत नव्हताच, त्याचे स्नायू लुळे पडायला लागले होते.

मण्यारीचा दंश अनेकदा असाच फसवतो. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, खूण नाही, सूज नाही, वेदना नाही. पोटदुखीने सुरू होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी घोणस, फुरसं यांच्या विषात बिघडते, मण्यारीत नॉर्मल येते, त्यामुळे तीही दिशाभूल करते. डॉक्टर धावत आले, सर्पविषावरचं प्रतिविष सुरू केलं, आयसीयूत नेलं. दुपारी त्याला व्हेंटिलेटर लागला. नवव्या दिवशी तो चालत घरी गेला. ती मुलगी त्या दिवशी ड्युटी संपल्यावरही संध्याकाळपर्यंत त्या बाईजवळ बसून होती.

मी त्या रात्री घरी बराच वेळ जागी होते. पंपापाशी या मुलीच्या खांद्याशी मला उभं राहावं लागलं होतं. त्या खाटेपाशी मी तिच्या मागे उभं राहायला हवं होतं, गप्प. मुलगी एकच, वॉर्ड एकच. मोठ्या सिस्टरांचंही तेच झालं होतं. त्यांना औषध शिकवायला मी गेले, आणि कॉम्प्युटरवर डिस्चार्ज समरी टाकताना त्या रोज अडायच्या तिथे मात्र ‘त्या सिनियर आहेत, करतील’ म्हणून मी कधी मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. प्रत्येकीला एक पान. डावीकडे कामं लिहिली. पंप, व्हेंटिलेटर, कॅथेटर, नातेवाइकांशी बोलणं, मृत्यूची बातमी, कॉम्प्युटर, विद्यार्थ्यांना शिकवणं. उजवीकडे प्रत्येक कामापुढे चारपैकी एक शब्द. दाखवायचं, सोबत राहायचं, विचारायचं, सोपवायचं. पेन्सिलने लिहिलं, कारण महिन्या-दोन महिन्यांनी खोडावं लागायचं. एकीच्या पानावर चारही शब्द असायचे. माझं स्वतःचंही एक पान केलं आणि व्हेंटिलेटरपुढे ‘दाखवायचं’ असं लिहिताना मला लाज वाटली. पण ते खरं होतं.

माझी भाची तेव्हा बीएस्सी नर्सिंगला होती. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम. तिच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात मला हेच सापडलं. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघा अमेरिकन लोकांनी १९६९ मध्ये मांडलेलं. आधी सांगा, मग पटवून द्या, मग सोबत घ्या, मग सोपवा, आणि कुठली पायरी लावायची ते त्या माणसाची त्या कामापुरती तयारी किती यावर ठरवा. ‘त्या कामापुरती’ हे शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केले. भाची म्हणाली, ‘मावशी, हे पाच मार्कांना येतं.’

२०२० मध्ये आमचा वॉर्ड कोविडचा झाला. पहिल्या लाटेबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. २१ एप्रिल २०२१ बद्दल लिहायला हवं.

त्या दिवशी दुपारी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि २२ रुग्ण गेले. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे सिलिंडरवर चालणारी लाइन. चोवीस खाटांवर चोवीस पेशंट ऑक्सिजनवर. बातमी मोबाइलवर आली. पाच मिनिटांत नातेवाईक वॉर्डाच्या दाराशी जमले. ‘आपल्याकडे किती तास आहे सिस्टर?’ आतल्या एका पेशंटने मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि मास्क ओढून उठून बसला. पीपीई किटमधली माझी एक स्टाफ भिंतीला धरून रडायला लागली. तिचे वडील आमच्याच वरच्या मजल्यावर होते.

त्या क्षणी मी कुणाला काही विचारलं नाही. एकेकीला नावाने हाक मारली आणि एकेक काम दिलं. तू एक ते बारा, तू तेरा ते चोवीस, सॅच्युरेशन बघून आकडा मोठ्याने सांगा. ब्रदर, खाली जाऊन भरलेले सिलिंडर स्वतः मोजून या, कुणाला विचारून नको. मावशी, तुम्ही दारात उभ्या राहा, आत कुणाला सोडू नका, आणि रागावू नका. रडणाऱ्या मुलीला म्हणाले, तू वर जाऊन दहा मिनिटं वडिलांना बघून ये, मग चौदा नंबरजवळ बस.

ब्रदर आकडा घेऊन आला. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर असतो. मिनिटाला १० लिटर लागणारा एकच पेशंट धरला तर सुमारे साडेअकरा तास. चोवीस जणांचा हिशेब मी केसपेपरच्या मागे केला. डॉक्टरांना विचारून ज्यांचं सॅच्युरेशन ९८-९९ होतं त्यांचा प्रवाह कमी करून ९४ वर आणला, ज्यांना जमेल त्यांना पालथं झोपवलं. रात्री नऊला सिलिंडरची गाडी आली. आमच्या वॉर्डात त्या दिवशी ऑक्सिजन कमी पडला नाही. मी किट काढलं तेव्हा हाताची बोटं पांढरी पडली होती आणि घसा पूर्ण बसला होता.

त्या दिवशी हुकूम देणं बरोबर होतं, यात मला आजही शंका नाही. घाबरलेल्या माणसाला ‘तुला काय वाटतं?’ विचारणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं टाकणं. चूक पुढे झाली. लाट ओसरली. जून गेला, जुलै गेला. वॉर्ड परत मेडिकल झाला. माझा आवाज मात्र २१ एप्रिललाच राहिला. चादर बदलायलाही मी त्याच आवाजात सांगायचे. वही कपाटात पडून होती. सगळं झटपट व्हायचं, कुणी उलट बोलायचं नाही आणि मला वाटायचं, वॉर्ड काय सुरेख चाललाय.

ऑगस्टमध्ये एका मावशींच्या बोटाला सुई टोचली. कुणीतरी वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात टाकायची ती पिवळ्या पिशवीत टाकली होती. मावशींनी बोट नळाखाली धरलं, चिंधी गुंडाळली आणि कुणाला सांगितलं नाही. अशा वेळी एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर उपयोग नाही. मावशी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, झाडू मारला, घरी गेल्या. मला कळलं ते बत्तीस तासांनी.

सांगायला आल्या त्या आमच्या केरळच्या सिस्टर. बारा वर्षं नाशिकमध्ये आहेत, मराठी मोडकं पण मनापासून बोलतात. म्हणाल्या, ‘सिस्टर, मावशीला सुई लागली. काल. ती तुम्हाला घाबरते.’ मी म्हणाले, ‘मला का घाबरते?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता कोविड नाही, सिस्टर.’

मी मावशींना स्वतः घेऊन गेले. औषधं सुरू झाली, हिपॅटायटिस बीची लस दिली, तपासण्या झाल्या. अठ्ठावीस दिवस त्या गोळ्या खाताना त्यांना मळमळ व्हायची, काम सुटू नये म्हणून तरीही यायच्या. सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते सहा महिने मी त्यांच्या डोळ्यांत नीट बघू शकले नाही. माझ्या आवाजामुळे एक बाई बत्तीस तास गप्प बसली होती आणि ते बत्तीस तास तिच्या जिवावर बेतू शकले असते.

मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, माझं चुकलं. सुई कुणी टाकली हे विचारणार नाही, पण टोचली तर रात्री दोन वाजताही मला फोन करायचा. खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागणार हे दिसत होतं. नुसतं ‘बोला, बोला’ म्हणून कुणी बोलत नाही. काहीतरी खरोखर त्यांच्या हातात द्यायला हवं होतं.

मी ड्युटी लिस्ट दिली. नर्सला विचारा, वॉर्डातला सगळ्यात जास्त त्रास कशाचा, ती ड्युटी लिस्ट सांगेल. पहिल्या महिन्यात मी म्हणाले, तुम्हीच ठरवा, आणि बाजूला झाले. लिस्ट तयार झाली. ज्यांचा आवाज मोठा त्यांना मॉर्निंग, नवीन मुलींना ओळीने नाइट. परत तीच चूक, जिथे सोबत बसायला हवं तिथे सोपवून मोकळी झाले. दुसऱ्या महिन्यात मी दोन अटी घातल्या. सलग तीनपेक्षा जास्त नाइट कुणालाच नाही, आणि प्रत्येक शिफ्टला पंप आणि व्हेंटिलेटर हाताळता येणारी एकजण हवीच. बाकी सगळं तुमचं. मी खुर्ची ओढून कोपऱ्यात बसले आणि गप्प राहिले. गप्प बसणं मला फार अवघड गेलं.

तासाभरात जे निघालं ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. दिंडोरीहून येणाऱ्या सिस्टरला इव्हिनिंग नको असायची ती आळसाने नव्हे, रात्री आठनंतर तिला एसटी मिळायची नाही. सुरगाण्याच्या मुलीला ऑफ एकेक करून नको होते, दोन जोडून हवे होते, कारण घरी पोचायलाच अडीच-तीन तास जातात. केरळच्या सिस्टर दिवाळीत चार दिवस कुणाचीही ड्युटी घ्यायला तयार होत्या, त्यांना फक्त नाताळ हवा होता. रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळी एकीला अर्धा तास हवा होता, शेजारच्या दोघी तिथल्या तिथे हो म्हणाल्या. तेव्हापासून लिस्ट त्याच करतात. भांडणं अजूनही होतात, पण ती आता माझ्यासमोर होतात.

मोठ्या सिस्टर २०२२ मध्ये रिटायर झाल्या. त्याआधी एकदा मी ओपीडीत गेले. त्या एका आजींचं बीपी घेत होत्या. कफ सोडवेपर्यंत मी उभी राहिले आणि मग म्हणाले, ‘सिस्टर, त्या केसीएलच्या वेळी मी तसं बोलायला नको होतं.’ त्यांनी आकडा लिहिला, आजींना पुढच्या टेबलाकडे पाठवलं आणि म्हणाल्या, ‘मुलींसमोर बोललीस ना, त्याचं वाईट वाटलं होतं.’ मग मावशींना दोन चहा सांगितले. ‘बोललीस’ म्हणाल्या, हे मला खाली उतरताना जिन्यात लक्षात आलं.

सध्या माझ्यापुढे एक ब्रदर आहे. दोन महिन्यांपूर्वी आला. हात अतिशय चांगला, नस पटकन सापडते, पंपाचं, व्हेंटिलेटरचं मला त्याच्याकडून शिकावं लागतं. पण हँडओव्हर अर्धवट देतो आणि हात न धुता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो. सांगून बघितलं, समजावून बघितलं, विचारूनही बघितलं. तो ‘हो सिस्टर’ म्हणतो आणि परत तेच. त्याला येत नाही असं नाही, काहीतरी वेगळं आहे आणि ते मला अजून सापडलेलं नाही. त्याच्या पानावर ती दोन कामं लिहून पुढची जागा मी कोरी ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्या दोन नाइट आहेत. मुलींना सांगून त्या दोन्ही रात्री मी माझी ड्युटी त्याच्यासोबत लावून घेतली आहे.